विडी लपली, पुडी उघडी

गोदाकाठच्या आमच्या गावांत विडी कुणासमोर ओढायची नाही, हे कुणाला शिकवावं लागत नसे. बाप येताना दिसला की विडी मुठीत उलटी वळायची, सासरा दिसला की चपलेखाली जायची, आणि गुरुजी अचानक समोर आलेच तर धूर गिळून खोकत खोकत नमस्कार घालायचा. चाळिशी उलटलेला, स्वतःची पोरं शाळेत घातलेला माणूससुद्धा म्हाताऱ्या वडिलांपासून विडी लपवायचा. तो लपवतो हे वडिलांना ठाऊक असायचं, आणि वडिलांना ठाऊक आहे हे त्यालाही. यात कॅन्सरची भीती कुठंच नव्हती. प्रश्न मानाचा होता.

तंबाखूला हा नियम नव्हता. चंची सोडायची, चिमूट तळहातावर घ्यायची, नखावर चुना काढायचा, अंगठ्यानं मळायचं, वरून दोन थापा मारून धूळ उडवायची आणि पहिला वाटा समोरच्या वडीलधाऱ्यापुढं करायचा. सासऱ्यानं जावयाला "चुना आहे का हो, पाव्हणं?" असं विचारलं तर त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. पुणतांबा स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांची ओळख याच प्रश्नानं व्हायची. दौंड-मनमाड मार्गावर पूर्वी गाडीची वाट पाहायला वेळ भरपूर मिळे, त्यामुळं ओळखी पक्क्या होत. विडी एकट्याची, तंबाखू चार जणांची.

आणि बायका? बाईनं विडी ओढली तर गावभर बोभाटा. पण माझ्या आजीनं तव्यावर मशेरी भाजायला घेतली की सगळी आळी शिंकायची आणि कुणी भुवईसुद्धा उंचवायचं नाही. दात घासायचं म्हणून तोंडात गेलेलं बोट तासाभरानं बाहेर यायचं. माळकऱ्यांचंही तेच. पुणतांबा हे चांगदेवांच्या समाधीचं गाव, जवळच सराला बेट, सप्ताहांचा जोर मोठा. माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते. तंबाखूची पुडी मात्र बऱ्याच जणांच्या बंडीत तशीच राहते. तिला कुठल्या महाराजांनी फारसं हटकल्याचं मी तरी कीर्तनात ऐकलेलं नाही.

शाळेत हा सगळा व्यवहार अगदी उघड दिसायचा. 1987 चा विश्वचषक आपल्याकडं झाला तेव्हा च्युइंगमचं खूळ आमच्यापर्यंत पोचलं. व्हिव्ह रिचर्ड्स हेल्मेट न घालता, गम चघळत, कुणाची पर्वा नसल्यासारखा खेळायला यायचा. गमच्या वेष्टणातून क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्यांची अदलाबदल मधल्या सुट्टीत चालायची. वर्गात कुणाचा जबडा हलताना दिसला की आमचे एक गुरुजी, शाळेचं नाव राहू द्या, कान धरून त्याला उभं करायचे. "रवंथ करतोय का रे बैला?" गम कागदात थुंकायला लावायचे आणि छडी बसायची ती वेगळी. हे सगळं ते खालचा ओठ थोडा पुढं काढून, हनुवटी वर करून बोलायचे, कारण त्यांच्या ओठात बार भरलेला असायचा. प्रश्न फळ्यावर लिहून झाला की खिडकीशी जायचे, बाहेर पिंक टाकायचे आणि आम्ही उत्तर लिहायला लागायचो. खिडकीखालची भिंत कमरेपर्यंत तांबडी होती. आम्हा कुणालाच त्यात विसंगती दिसली नाही, याचं मला आज जास्त नवल वाटतं. गम चघळणारं तोंड गुरुजींसमोर हलतं, म्हणून तो उर्मटपणा. ओठातली तंबाखू हलत नाही, मग मान कसा जाणार?

सिंगापूरनं 1992 मध्ये च्युइंगमच्या विक्रीवर बंदी घातली ती मेट्रोगाड्यांच्या दारांना पोरं गम चिकटवतात म्हणून. बाकाखाली चिकटवलेल्या गमनं आमच्याही चड्ड्या खराब झाल्या. पण आमच्या गुरुजींना चड्डीची फिकीर नव्हती.

मग कायदे आले. मुंबईचे नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 ला न्यायालयानं दवाखाने, शाळा, वाचनालयं, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. 2003 मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून, बरोबर गांधी जयंतीला, सार्वजनिक जागी विडी-सिगारेट ओढली तर 200 रुपयांपर्यंत दंड असा नियम देशभर लागू झाला. खेड्यात कोण पाळणार, असं तेव्हा सगळेच म्हणत. पण आज एसटीत कुणी विडी पेटवत नाही. लग्नाच्या मांडवात ताटामध्ये पान-सुपारीसोबत सिगारेटी मांडून फिरवायची पद्धत होती, तीही गेली. आता सिगारेट ओढणारा पोरगा मोटारसायकल काढून वस्तीबाहेर जातो.

याचं सगळं श्रेय कायद्याला द्यायला मी तयार नाही. धूर कुणासमोर काढायचा नाही हे आमच्या माणसाला आधीच ठाऊक होतं. कायद्यानं एवढंच केलं की बसमधल्या अनोळखी बाईला नि तिच्या लेकराला वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलं. जमीन नांगरलेली होती, बी उगवलं.

तंबाखूसाठी तशी जमीनच नव्हती. त्या कायद्यातलं सार्वजनिक जागेचं कलम धुराचं आहे, चघळण्याचं नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे बघा: महाराष्ट्रात 100 प्रौढांमागं धूम्रपान करणारे 4 देखील भरत नाहीत, चघळणारे आणि मशेरी लावणारे मात्र जवळपास 24. आपण ज्या पाट्यांवर सिगारेटचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारतो, त्या पाट्या कुणासाठी आहेत? शेजारच्या संगमनेरची गायछाप तंबाखू राज्यभर जाते, संगमनेर-सिन्नरच्या आणि नगरच्या किती घरांची चूल विड्या वळून पेटली. या जिल्ह्याला तंबाखू काही परकी नाही, म्हणूनही हे बोलणं अवघड जातं.

गुटखाबंदीचंही तसंच. 2002 मध्ये झाली, न्यायालयात टिकली नाही. जुलै 2012 मध्ये पुन्हा झाली. मग आमच्या नगर जिल्ह्यात मावा फोफावला. प्लास्टिकच्या कागदावर कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, वरून पाण्याचा शिपका. कागदाची पुरचुंडी वळून दोन्ही तळव्यांत जोरजोरात घासायची, आतला ऐवज गरम होऊन काळपट चिकट झाला की वर रबर लावून हातात. आता त्याचीही यंत्रं निघाली आहेत. मावा अड्ड्यावर छापा, ही बातमी आमच्या पेपरात पावसाच्या बातमीइतकी नेहमीची झाली.

शाळेच्या फाटकावर "तंबाखूमुक्त शाळा" अशी पाटी आहे, 100 यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. छोट्या गावात एवढ्या अंतरात शाळा, देऊळ, पार, सोसायटी आणि टपरी सगळंच येतं. टपरी हलवायची तर थेट नदीत. शिक्षक बदलले, हे मात्र खरं. वर्गात बार भरणारा मास्तर आज शोधून सापडणार नाही. घरं तेवढी बदलली नाहीत. "जा रे, पुडी घेऊन ये," म्हणून आठवीतल्या पोराला अजून पिटाळलं जातं. 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे हे टपरीवाल्याला माहीत असतं, पण पुडी पोराच्या घरच्या तात्यांची आहे हेही माहीत असतं.

तंबाखूविरोधी जाहिरातीतला भुसावळचा मुकेश आम्ही सगळ्यांनी सिनेमा सुरू होण्याआधी पाहिला. 16 फेब्रुवारी 2015 ला माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा पारावर दोन दिवस सुन्न चर्चा झाली. काहींनी पुड्या फेकल्याही. आठवडी बाजाराला त्यांतले बरेच परत टपरीवर होते.

मुलांच्या खिशात गम आता सर्रास असतो. त्याच्यावरून कुणी कान धरत नाही. उलट पुदिन्याचा फार वास आला की शिक्षक सावध होतात, कारण माव्याचा वास मारायला तोच उपयोगी पडतो.

औषधाच्या दुकानातही गम मिळतो, निकोटीनचा, व्यसन सोडण्यासाठी. त्याचा जन्म स्वीडनमधला. पाणबुडीत सिगारेट पेटवता येत नाही म्हणून तिथले खलाशी तंबाखू तोंडात धरायला लागले, आणि ते पाहूनच 1960 च्या दशकाच्या अखेरीला हा गम सुचला. धूर बंद केला की माणूस गालाकडं वळतो, हे पाणबुडीत जसं, तसं पारावरही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी यंदा तो आणला. दुकानदार समजावून सांगायला लागला: सारखा चावायचा नाही, थोडा चावून गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवायचा, जरा वेळानं पुन्हा चावायचा. सर म्हणाले, "गालात कसं धरायचं ते मला नको सांगू, कितीला आहे तेवढं सांग." दुसऱ्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीनं मुख्याध्यापकांकडं तक्रार नेली, की सर वर्गात च्युइंगम खातात.