काडतूस अडकलं की बंदूक बिघडली?

दिवाळीनंतर चार दिवस गावी, म्हणजे अंजनगाव सुर्जीला, जाऊन आलो. पानमळे, पानपिंपरी, संत्रा, केळी, कपाशी यांच्या गप्पा नेहमीच्याच. या वेळी मात्र घरात एकच विषय होता, मोठेबाबांची बंदूक.

बंदूक म्हणजे एकनळी, बारा बोअर, मधून मोडून काडतूस भरायची. पीकसंरक्षणाचा जुना परवाना आहे आणि त्यावर राखणदार म्हणून चुलतभावाचंही नाव चढवलेलं आहे. आता रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते (1972 चा कायदा), त्यामुळे वावरात काम फक्त आवाजाचं. त्या रात्री डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला. भावाने हवेत एक बार काढला. कळप पांगला, पण एक दांडगा नर पांगायचा सोडून वळला आणि सरळ अंगावर आला. भावाने दुसरं काडतूस भरायला बंदूक मोडली, तर पहिल्याचं टरफल निघेना. अंधारात, हातात मोडलेली बंदूक, नखांनी पितळी बूड ओढतोय... शेवटी बंदूक टाकून मचाणीवर चढला म्हणून वाचला. रानडुकराच्या सुळ्याने मांडी फाडलेला माणूस ज्याने पाहिलाय त्याला यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

सकाळी घरात पंचायत भरली. "एक्स्ट्रॅक्टर झिजला. लेथवाल्याकडे नेतो, दोन कानशी मारल्या की झालं," भाऊ म्हणाला. मोठेबाबा ओट्यावरूनच ओरडले, "अबे, पोट दुखलं तर पाय कापतं का तू? आधी पाह्य तर दुखते कुठं!"

मला मोठेबाबांचं पटलं. मुळात "काडतूस अडकतं" ही तक्रारच अर्धवट आहे, कारण त्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक, टरफल नळीतल्या घरातून सुटतच नाही. दोन, सुटतं, पण बाहेर फेकलं जात नाही. पहिलं काम खेचणाऱ्या आकड्याचं, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचं. दुसरं इजेक्टरचं. आमच्या बंदुकीला इजेक्टर नाहीच. आकडा टरफल थोडंसं वर उचलतो, पुढे बोटांनी ओढायचं.

आमचा पुतण्या मोबाइलवर काउबॉयचे सिनेमे बघतो. त्यातली लिव्हरची रायफल त्याला भारी आवडते. खाली ओढली की टरफल टणकन उडतं! आपल्याकडे ती जवळजवळ दिसतच नाही, दिसली तर ईशापूरची .315, बोल्टची. पण लिव्हरच्या रायफलीतही तपासणी अशीच सुरू होते. टरफल तिथे घरातून निघतं, बोल्टबरोबर मागे येतं आणि प्रवासाच्या अगदी शेवटी इजेक्टर त्याला बाहेर उडवतो. लिव्हर भीतभीत अर्धवट ओढला तर टरफल आतच लोळत राहतं, आणि मग लोक स्प्रिंग बदलत बसतात. बरेचदा बिघाड हातात असतो, बंदुकीत नसतो.

तर आम्ही काय केलं. बंदूक रिकामी आहे हे आधी दोघांनी पाहिलं. मग त्या रात्रीच्या टरफलाची कड बघितली. आकडा कडेवरून घसरला असता तर संशय त्याच्यावर गेला असता. पण कडेवर आकड्याचा दात स्पष्ट उमटलेला होता. म्हणजे बिचारा इमानदारीने ओढत होता, धरून ठेवलं होतं घरानेच. बार उडाला की टरफल फुगून घराच्या भिंतीला चिकटतं आणि दाब उतरला की किंचित आकसतं. भिंत खरबरीत असली की ते आकसूनही सुटत नाही. टॉर्च लावून नळीत पाहिलं, तर घरात गंजाचा तांबडा पट्टा! पावसाळ्यात राखणीवरून आल्यावर बंदूक ओलीच कापडी अस्तराच्या खोळीत जायची. जपायचं म्हणून. आणि काडतुसं खुंटीवरच्या चामडी पट्ट्यात, बुडाचं पितळ हिरवं पडलेलं.

या हिरव्या पितळेवरून एक जुनी गोष्ट आठवली. 1876 साली अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी कापली गेली, आणि दोष त्यांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनला दिला गेला. चामड्यात ठेवलेली तांब्याची काडतुसं हिरवी पडून अडकली म्हणे. समोरच्यांकडे काही हेन्री आणि विंचेस्टर, लिव्हरच्याच. पुढे 1983 मध्ये तिथलं गवत जळालं आणि 1984 पासून उत्खनन झालं. सापडलेल्या टरफलांपैकी थोड्यांवरच उचकटल्याच्या खुणा निघाल्या. अडचण होती, पण शंभर वर्षं जेवढी सांगितली तेवढी नव्हती. बंदुकीला बोल लावणं सोपं असतं, ती उलटून बोलत नाही.

आमच्या गावात 30 डिसेंबर 1803 ला शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला, तेव्हाच्या बंदुकांना ही कटकट नव्हती. तोंडाने ठासायची, टरफलच नाही तर अडकणार काय? गंमत म्हणजे 1959 चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी अजूनही आधी ठासणीचीच बंदूक म्हणतो. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी. त्याच कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणजे लेथवाला बाद. आणि बरंच झालं. कानशीने त्या निर्दोष आकड्याचा दातच गेला असता. 2016 च्या नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षेचं प्रशिक्षण आणलं, ते चांगलंच. पण मोठेबाबांच्या पिढीला परवाना हातात देताना बंदूक पुसून, वाळवून ठेवा एवढंही कोणी सांगितलं नव्हतं, असं ते म्हणतात.

आम्ही घराला ब्रश मारला, तेल लावलं आणि मग कोरड्या कापडाने पुसून काढलं. (घरात तेल ठेवून बार काढू नये, सगळा धक्का मागच्या कुलपावर येतो.) हिरवी काडतुसं बाजूला काढली. गंजाचे बारीक खड्डे मात्र राहिलेच, म्हणून बंदूक अमरावतीला परवानाधारक कारागिराकडे गेली. त्याने घर पॉलिश केलं, आकड्याला हातही लावला नाही.

भावाला मी आणखी एक सांगून आलो. चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर लगेच मोडून बघायचं नाही. नळी मोकळ्या रानाकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. "अन् डुक्कर अंगावर आलं तर?" त्याने विचारलं. मचाण आहेच म्हणालो.

काडतुसं आता घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपाच्या कपाटात आहेत. डबा चिवड्याचा होता. मोठीआई अजून धुसफुसते आहे.