दयाळाला दाद, वाघाटीला फास

सभामंडपात दृष्टान्त देताना दयाळ पक्षी सात्त्विक आणि वाघाटी तामसी, अशी वाटणी करण्याची एक सोपी चाल पडली आहे. एकाने पहाटे देवाला भूपाळी गावी, दुसरीने रात्री चोरपावलांनी हत्या करावी. उपदेशाला आणखी काय हवे? या वाटणीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

दयाळाचा कंठ मधुर आहे, हे कोण नाकारील? परंतु ते गाणे देवासाठी नसते. विणीच्या दिवसांत नर उंच शेंड्यावर बसून गातो, तो मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला आपल्या हद्दीबाहेर ठेवण्यासाठी. तरीही कोणी आत शिरलाच, तर शेपटी उभारून, पिसे फुलवून हा ‘दयाळ’ त्याच्यावर तुटून पडतो. किडे, अळ्या, प्रसंगी पालसुद्धा तो गिळतो. याला मात्र हिंसा म्हणावयाचे नाही, कारण मारणारा गोड गातो! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

वाघाटी म्हणजे घरच्या मांजराएवढी, बिबळ्यासारख्या ठिपक्यांची रानमांजर. उंदीर हे तिचे मुख्य भक्ष्य. म्हणजे शेतकऱ्याची ती बिनपगारी राखणदारीणच. एखादी कोंबडी ती पळवते, हे खरे. पण तेवढ्यासाठी फास लावणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. बाळाच्या सहाव्या रात्री आपण जिला हात जोडतो, त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजरच आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाटीचे नाव आहे.

हा वाद केवळ दृष्टान्तापुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु हीच दृष्टी आता देवराईत शिरू लागली आहे. सुशोभीकरण करावयाचे, झुडपे साफ करावयाची, पोकळ झालेला जुना वृक्ष ‘निरुपयोगी’ म्हणून पाडावयाचा, आणि पाखरांसाठी चार शोभेची झाडे लावावयाची! दयाळ घरटे करतो ते झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या भोकात. वाघाटी पिले घालते ती पोकळ बुंध्यात, मुळांच्या कपारीत. पाखरू राखून मांजर घालवू म्हणणारा दोघांचेही घर मोडतो.

सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची ती दुर्मिळ पाणथळ देवाच्या धाकाने टिकली. तेथे आश्रय देताना कोणाचा आवाज गोड, याची चौकशी पूर्वजांनी केली नव्हती.

आमच्या महाजनांनी जीर्ण वृक्ष पाडण्याचा ठराव संमत करण्यापूर्वी एकदा दिवसा आणि एकदा रात्री त्याच्या बुंध्याशी जाऊन यावे.