गाडीला ताप केव्हा चढतो?

अंगात ताप आला म्हणजे आत कोठे तरी बिघाड आहे एवढे कळते. तो कोठे आहे हे मात्र ताप स्वतः होऊन सांगत नाही. म्हणून जुने वैद्य घरी आले की प्रथम विचारीत, “ताप केव्हा चढतो?” दिवसभर अंगात राहणारा, संध्याकाळी कणकण घेऊन येणारा, एक दिवस आड हुडहुडी भरविणारा, अशा तापाच्या वेळेवरूनच त्यांचे निम्मे निदान होऊन जाई. जुन्या मोटारीचा ताप ओळखण्याची रीतही हीच आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागातील कित्येक घरांच्या अंगणांत अजून एखादी पद्मिनी, अँबॅसडर किंवा मारुती ८०० उभी आहे. तेव्हा या महिन्याच्या सदरात त्यांच्या तापाविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

विषय यांत्रिक असला तरी तो घरातला आहे. अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे तर या शतकाच्या आरंभीच थांबले होते. अशा गाडीचे इंजिन एकदा बेसुमार तापले की त्याचे हेड वाकते, हेड व ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट जळते, आणि मग काही रुपयांच्या पट्ट्यासाठी किंवा नळीसाठी सुरू झालेले दुखणे अख्ख्या इंजिनाच्या कामावर जाऊन थांबते. सुटे भाग मिळविण्यासाठी गावोगाव हिंडावे लागते ते निराळेच. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी अशा एका दुपारी भंगारात जाते. ती वाचविणे पुष्कळदा शक्य असते; मात्र त्यासाठी पाना हाती घेण्याआधी प्रश्न विचारावे लागतात.

प्रथम इंजिनाची घडण थोडी ध्यानात घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पाण्याचा पंप हे पाणी इंजिनाभोवती खेळवितो. तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथे वाऱ्याने निवते व खालच्या नळीने परत इंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल बसलेला असतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ठराविक उष्णतेला पोहोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि नंतर उघडतो. रेडिएटरचे झाकणही साधे नसते. ते आत दाब धरून ठेवते, आणि दाबाखालचे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ०.९ बार दाबाचे झाकण असेल तर पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळण्यावाचून राहू शकते.

याच कारणास्तव एक इशारा सर्वांआधी दिला पाहिजे. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच ते पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते आणि तोंड, हात, छाती भाजते. ओले फडके हाती धरल्याने यातून बचाव होत नाही. काटा चढू लागला की वातानुकूलन बंद करावे, हीटर असल्यास पूर्ण उघडावा (उकाडा सोसावा लागतो, पण इंजिनाची तेवढीच उष्णता बाहेर जाते), आणि तरीही काटा उतरत नसेल तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत थंड पाणी ओतू नये. तप्त धातूला एकाएकी थंडावा लागला की तो तडकतो. मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नये. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही आपोआप फिरू लागतो, हेही लक्षात असावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताप केव्हा चढतो?

गाडी रहदारीत अडकली, रेल्वे फाटकापाशी उभी राहिली की काटा चढतो, आणि मोकळ्या रस्त्यावर धावू लागताच उतरतो, असे असेल तर संशय वाऱ्यावर घ्यावा. धावताना वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच पुरवावा लागतो. मारुती ८०० मध्ये हा पंखा विजेवर चालतो, म्हणून त्याचा फ्यूज, रिले, त्यास चालू करणारा उष्णतेचा स्विच आणि मोटार ही चौकडी क्रमाने पाहावी. जुन्या अँबॅसडर-पद्मिनीत पंखा पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा सैल पडून घसरत असेल तर पंखा व पंप दोन्ही मंदावतात. बोटाने दाबून पट्टा साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून फार अधिक दबला तर सैल समजावा. अर्थात हे इंजिन बंद असतानाच करावे.

उभी असताना गाडी शांत राहते, पण भरधाव वेगात किंवा घाट चढताना तापते, असे असेल तर वारा पुरेसा आहे, पाणी मात्र पुरेसे फिरत नाही असे समजावे. रेडिएटर आतून क्षाराने किंवा गंजाने तुंबलेला असतो, बाहेरून त्याच्या जाळीत चिखल व किडे बसलेले असतात, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असतो. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळ जपून हात फिरविल्यास तुंबलेला भाग इतरांपेक्षा थंड लागतो. बेळगावकरांस या प्रकाराची प्रचीती गोव्याहून किंवा सावंतवाडीहून परतताना येते. जाताना चोर्ला आणि आंबोली हे दोन्ही घाट उताराचे असतात, म्हणून दुखणे लपून राहते. येताना चढण लागते, खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, गाडीचा वेग मात्र कमी असतो, आणि मग काटा तांबड्या रेघेकडे सरकतो.

सकाळी गाडी सुरू केल्यापासून पाचसात मिनिटांतच काटा वर जातो, आणि तरीही रेडिएटरची वरची नळी हातास थंड लागते, असे आढळले तर बहुधा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो. तो काढून, दोरीला बांधून, पाण्याच्या पातेल्यात लोंबकळत ठेवावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडताना डोळ्यांना दिसला पाहिजे. नुकतेच पाणी बदलले असेल तर आत हवा अडकल्यानेही असेच होते.

धावती गाडी एकाएकी तापली आणि त्याच वेळी बॅटरीचा तांबडा दिवाही लागला, तर पट्टा तुटला असे समजून तत्काळ थांबावे. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप आणि डायनामो एकाच पट्ट्यावर फिरतात, त्यांत दोघेही एकदम थांबतात.

वेळ कोणतीही असो, पण पाणी वरचेवर कमी होत असेल तर ते कोठे जाते हे शोधावे. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला ते पाहिले म्हणजे नळीचा सांधा, पंप की रेडिएटर याचा उलगडा होतो. बाहेर थेंबही सांडत नसेल तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे, ही गंभीर गोष्ट होय. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल ढवळलेल्या ताकासारखे किंवा दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर थांबला नाही, किंवा गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. अशी गाडी चालवीत नेऊ नये, ओढून न्यावी.

आणखी एक चकवा सांगून ठेवतो. पाणी पुरते संपले की उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा एकाएकी खाली येतो. माणसाला हायसे वाटते. वस्तुतः तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो.

केव्हा हा प्रश्न न विचारल्याने काय होते, याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. परिचयातील एका निवृत्त गृहस्थांची पद्मिनी आंबोलीच्या चढणीवर तापू लागली. एका गॅरेजात प्रथम रेडिएटरचे रॉडिंग झाले, मग थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला, मग पंप बदलला. दर खेपेस गाडी गावात दोन फेऱ्या मारून ‘बरी’ ठरे आणि पुढच्या चढणीवर पुन्हा तापे. पेन्शनीतून तीन बिले दिल्यावर गाडी विकण्याचे बोलणे घरात सुरू झाले. अखेरीस एका वृद्ध मेस्त्रींनी एवढेच विचारले, “काका, उभी असताना तापते का?” “नाही.” “सपाटीवर?” “नाही, चढणीवरच.” त्यांनी बॉनेट उघडे ठेवून इंजिन जोरात फिरविले आणि खालच्या नळीकडे बोट दाखविले. रबर आतून मऊ पडल्यामुळे पंपाच्या ओढीने ती नळी चपटी होत होती; वेग कमी करताच पुन्हा फुगून पूर्ववत दिसे. अनेक गाड्यांत या नळीच्या पोटात तारेची स्प्रिंग घातलेली असते ती याचसाठी. नळी बदलली, आणि गाडी आजही त्यांच्या दारी आहे.

या प्रसंगातील थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आपल्याकडे फार रूढ आहे, आणि ती टाकून देण्याजोगी आहे. द्वारपाल हाकलल्याने घर सुरक्षित होत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर उबेला येत नाही, पेट्रोल अधिक जाते, झीज वाढते; शिवाय काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरत राहते व ताप उलट वाढतो.

दुसरी रूढी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालण्याची. ज्या पाण्याने घरच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर धरते, आणि हा थर उष्णतेला बाहेर पडू देत नाही. शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांचे मिश्रण घालावे आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे ठराविक काळाने बदलावे. मात्र बहुतेक कूलंट विषारी असून चवीला गोडसर असते; ते मुलांच्या व कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना स्वतः पाना धरण्याचे कारण नाही. त्यांनी गाडीच्या खणात एक लहानशी वही ठेवावी आणि काटा चढला की त्यात चार गोष्टी टिपाव्यात: गाडी उभी होती की धावत होती, सपाटी होती की चढण, सुरू करून किती वेळ झाला होता, आणि गार झाल्यावर किती पाणी भरावे लागले. मेस्त्रीने काहीही न विचारता रेडिएटर खोलण्यास हात घातला, तर त्यास नम्रपणे थांबवावे, ही वही उघडून पुढे करावी आणि म्हणावे, “आधी एवढे वाचून घ्या.”