कर्ण राजपुत्र नसता तर?

गेल्या पावसाळ्यापासून होळीपर्यंत आम्हीं लहानमोठ्या चौदा कादंबऱ्या वाचल्या. त्यांतल्या कांहीं पूर्वीं वाचलेल्या होत्या, कांहीं प्रथमच हातीं आल्या. कांहीं पौराणिक, कांहीं ऐतिहासिक, दोनतीन हेरांच्या, एक भविष्यकाळाची आणि उरलेल्या शेतीवाडीच्या व रानावनाच्या. इतक्या निरनिराळ्या जातींचीं पुस्तकें एका दमांत वाचणारा मनुष्य सहसा त्यांची प्रतवारी लावून मोकळा होतो: अमुक कलात्मक, अमुक रंजनपर, अमुक प्रचारकी. आम्हीही तसेंच करण्याच्या बेतांत होतों. परंतु मध्येंच एका अकरावींतल्या मुलानें एक वाक्य उच्चारलें आणि आमची सारी प्रतवारी उलटीपालटी झाली. तें वाक्य वाचकांपुढें ठेवावें आणि त्याच्या आधारानें आपल्या सुशिक्षित कुटुंबांच्या वाचनाविषयीं कांहीं कडू बोलावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा मुलगा अक्राणी तालुक्यांतला. नंदुरबारास वसतिगृहांत राहतो आणि रविवारीं आमच्याकडे पुस्तकें नेण्यास येतो. घरीं तो पावरी बोलतो. मराठी त्याला शाळेनें दिली. त्याची आई हिवाळ्यांत शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर मजुरीस येते. आम्हीं त्याला शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' मोठ्या हौसेनें दिली. १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून ज्या पुस्तकावर मराठी घरांतल्या तीन पिढ्यांनीं अश्रु ढाळले, तें याच्याही हृदयास भिडेल अशी आमची खात्री होती. पंधरा दिवसांनीं त्यानें तें परत आणलें. कसें वाटलें, असें विचारतांच तो थोडा थांबला आणि म्हणाला, "गोष्ट चांगली आहे, सर. पण कर्ण शेवटीं राजघराण्यांतलाच निघाला ना!"

आम्ही निरुत्तर झालों. इतक्या पारायणांत जी गोष्ट आमच्या लक्षांत आली नव्हती, ती या मुलानें एका वाचनांत हेरली. स्पर्धेच्या आखाड्यांत कर्णाला त्याचें कुळ विचारलें जातें तेव्हां आमच्या अंगाचा तिळपापड होतो. परंतु त्या संतापाला एक सुरक्षित तळ असतो. हा सूताचा मुलगा नव्हे, कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहे, हें आम्हांस आरंभापासूनच ठाऊक असतें. म्हणजे आमचा राग कुळ कां विचारलें याबद्दल नसून तें भलत्याच माणसाला विचारलें याबद्दल असतो. अधिरथाचा औरस मुलगा धनुष्य घेऊन पुढें आला असता आणि त्याला कोणीं हांकलून दिलें असतें, तर आमचे डोळे असेच भरून आले असते काय?

गंमत अशी कीं तो औरस मुलगा त्याच कादंबरींत आहे. त्याचें नांव शोण. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली आणि कृष्ण यांच्याबरोबर सावंतांनीं त्यालाही स्वतःच्या तोंडानें बोलूं दिलें आहे. म्हणून या बाबतींत दोषाचा मोठा वांटा लेखकाच्या पदरीं बांधणें अन्यायाचें होईल; त्यानें दिलें, तें आम्हीं घेतलें नाहीं. ज्या घरांत 'मृत्युंजय'ची प्रत झिजली आहे अशा घरीं जाऊन शोणाच्या मनांत काय होतें, असा प्रश्न टाकून पाहावा. कवचकुंडलांवर तासभर व्याख्यान ऐकावयास मिळेल; शोणाविषयीं घरांतला कर्ता पुरुष खिडकीबाहेर पाहूं लागेल.

एकदां हें सूत्र हातीं लागल्यावर आम्हीं इतर पुस्तकें त्याच कसोटीवर घासून पाहिलीं. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची; १९७४ मध्यें लेखकास ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. जीवनासाठीं कला हा पक्ष ज्यांनीं आयुष्यभर मांडला, त्यांची ही कादंबरी. तिच्यांत शर्मिष्ठा दासी होते आणि वाचक कळवळतो. कां कळवळतो? ती राजकन्या आहे म्हणून. हस्तिनापुरच्या राजवाड्यांत जन्मानेंच दासी असलेल्या स्त्रिया कांहीं थोड्या नसतील. पण दासीनें दासी असणें हें आम्हांस दुःख वाटत नाहीं, ती वस्तुस्थिति वाटते. राजकन्येनें दासी होणें मात्र आम्हांस शोकांतिका वाटते. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ची (१९६२) गोष्ट याहून सरळ. तेथें वेषांतराचीही गरज नाहीं. माधवराव उघडउघड पेशवे आहेत. त्यांचा क्षय आणि रमाबाईंचें सहगमन हें दुःख खरें आहे आणि देसाईंची लेखणीही हळवी आहे, हें आम्ही मान्य करतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं आपल्या घरांतली करुणा ही फार मानी बाई आहे. समोरच्याच्या अंगावर निदान एक जरीचा पदर दिसल्यावांचून ती माजघरांतून बाहेर येत नाहीं.

यावर विद्वान् वाचक म्हणतील कीं हा जुनाच वाद आहे. वि. का. राजवाडे यांनीं १९०२ सालीं 'कादंबरी' या निबंधांत अद्भुत आणि वास्तविक यांचा भेद मांडला. पुढें फडके व खांडेकर यांच्या पक्षांनीं कला कीं जीवन यावर वर्षानुवर्षें रण माजविलें. राजवाड्यांचें नांव धारण करणारें संशोधन मंडळ आमच्या शेजारीं धुळ्यासच आहे, तेव्हां त्यांच्याविषयीं आम्हांस आदर कां नसेल? परंतु आमची तक्रार त्या वादांत सामावत नाहीं. वास्तववादी कादंबरींतही वेषधारी राजपुत्र असूं शकतो. गरीब नायक अखेरच्या प्रकरणांत श्रीमंताचा वारस ठरला, अशीं पुस्तकें आपण सर्वांनीं वाचलेलीं आहेत. उलट ज्यांना आपण कपाटाच्या खालच्या फळींत लपवितों त्या हेरकथा या बाबतींत अधिक प्रामाणिक निघतात. बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक पुस्तकें लिहिलीं. त्यांच्या धनंजयाच्या आणि झुंजारच्या कथा वाचतांना कोणी रडत नाहीं आणि लेखकही रडा म्हणून आर्जव करीत नाहीं. पण हेरकथेचा एक नियम फार लोकशाहीचा आहे: खुनी कोणत्याही घरांतला निघूं शकतो, बंगल्यांतलाही. संशय सर्वांवर सारखा. जी समता आमच्या करुणेंत नाहीं ती निदान या संशयांत आहे. नंदा खरे यांच्या 'उद्या' या भविष्यकाळाच्या कादंबरीलाही आम्ही याच पंक्तींत बसवितों. माणसाच्या हालचाली आणि इच्छा यांची नोंद ठेवणारी व्यवस्था तींत आहे. तिच्यापुढें कुळाचा तोरा कुचकामाचा ठरतो. या पुस्तकास २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनीं तो घेतला नाहीं.

आतां आमच्या दाराशीं येऊं. विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ सालीं आली. तीनच वर्षांनीं, १९९१ मध्यें, त्याच लेखकाची 'झाडाझडती' आली. पहिली आम्हांस ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक घरीं दिसली. दुसरी, जिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती दोन घरांत दिसली. त्यांतल्या एका घरीं तिचीं पानें अजून एकमेकांस चिकटलेलीं होतीं. लेखक एकच, भाषेवरची हुकमत एकच. फरक एवढाच कीं एकींत भाऊसाहेब पडतात आणि दुसरींत धरणाखालीं गांव जातें. अडीचशें वर्षांपूर्वींच्या पराभवाचा सल आमच्या उरांत अजून आहे. परंतु आमच्याच जिल्ह्यांत काय बुडालें याची चौकशी करावी, असें आम्हांस वाटत नाहीं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्याच्या लोकसंख्येंत शेंकडा सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. सरदार सरोवराच्या बुडितांत महाराष्ट्राचीं ३३ गांवें आलीं, तीं सर्व याच जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतलीं. मणिबेलीचें नांव तर देशभर गाजलें. नर्मदाकांठचीं कितीएक कुटुंबें तळोदा-शहाद्याच्या बाजूस नव्या वसाहतींत आलीं. आणि मराठी पुस्तकांत हा मुलूख आम्हांस पूर्वीं कोठें भेटला? नर्मदेच्या परिक्रमेच्या वर्णनांत; तेथें शूलपाणीच्या झाडींत भिल्ल दबा धरून बसतात आणि यात्रेकरूंना लंगोटीवर आणून सोडतात. यात्रेकरूचें काय लुटलें गेलें याची यादी त्या पुस्तकांत असते. भिल्लाचें काय लुटलें गेलें याची यादी करण्यास कोणाला सवड झाली नाहीं. 'झाडाझडती'तलें धरण सह्याद्रीकडचें आहे, सातपुड्याचें नव्हे; तरी ती वाचतांना आम्हांस प्रथमच जाणवलें कीं 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द किती माणसें गिळून बसला आहे.

आमच्यावर तीन आक्षेप येतील, आणि ते आलेच पाहिजेत. पहिला असा कीं कादंबरी म्हणजे सरकारी अहवाल नव्हे. मान्य. 'झाडाझडती'तला कचेऱ्यांचा व कागदपत्रांचा पसारा आम्हांसही ठिकठिकाणीं जड वाटला, आणि केवळ विषय दुःखाचा म्हणून कोणतेंही पुस्तक चांगलें ठरत नाहीं. गेल्या आठ महिन्यांत अशीं तीन पुस्तकें आम्हीं अर्ध्यावर मिटलीं. पण पौराणिक कादंबरींतलीं दहादहा पानांचीं सूर्योदयाचीं वर्णनें जे निमूटपणें सोसतात, त्यांनीं तलाठ्याच्या दप्तराचा कंटाळा आल्याची तक्रार करूं नये.

दुसरा आक्षेप भाषेचा. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आम्हीं एका सुविद्य भगिनीस दिली. शिकूनही नोकरी न मिळालेल्या शेतकऱ्याच्या मुलाची, एकनाथाची, ही कथा. २००४ सालीं तिलाही अकादमीचा मान मिळाला. आठ दिवसांत पुस्तक परत आलें: "फार गांवंढळ भाषा, कळतच नाहीं." ज्या घरांत 'अंगराज', 'प्रत्यंचा' आणि 'राजमाता' हे शब्द जेवतांना उच्चारले जातात, त्या घराला वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याचें बोलणें कळत नाहीं, हें आम्हीं काय म्हणून मानावें? शब्द कळत नाहींत असें नसतें. ते कळून घेण्यांत आपली पायरी उतरते असें वाटतें. खानदेशच्या माणसानें तर हें बोलूंच नये. भालचंद्र नेमाडे यांनीं १९६३ सालीं 'कोसला' लिहून आपल्या मुलखाच्या बोलण्याला कादंबरीचें दार उघडून दिलें, त्याला साठांहून अधिक वर्षें झालीं. मात्र त्या दारांतून आंत येण्याचा हक्क तापीकांठच्या कापूस-केळींपुरताच नसून सातपुड्याच्या पावरी-मावचीलाही आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मनुष्यस्वभावाचा: दिवसभराच्या कामानंतर विसाव्यासाठीं वाचतों, तेथें आणखी दुःख कशाला? पण मग कर्णाचें दुःख विसाव्याचें कसें झालें? दुःख नको असें नाहीं. जें दुःख आपल्याकडे कांहीं मागत नाहीं तेंच हवें, असा याचा अर्थ. कुरुक्षेत्रावरच्या रथाचें चाक काढावयास आपणांस कोणी बोलावीत नाहीं. पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची मजुरी किती, हा प्रश्न मात्र त्याच रस्त्यानें नाकाला रुमाल लावून जातांना आपल्या अंगावर येतो.

आणि लिहिणारे नाहींत असेंही कोणीं म्हणूं नये. धुळे-नंदुरबारच्या चळवळींत आयुष्य घातलेल्या नजुबाई गावित यांची 'तृष्णा' ही आत्मकथनपर कादंबरी आहे. आदिवासी मुलीच्या डोळ्यांनीं पाहिलेली भूक तींत आहे, आणि त्या भुकेमागें कोणतेंही राजघराणें लपलेलें नाहीं. शहाद्याकडे १९७२ मध्यें उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या परिसरांत दीनानाथ मनोहर यांच्यासारखा कादंबरीकार वावरला. त्यांची 'रोबो' सैनिकी जीवनावरची. कादंबरीच्या बाहेर जावयाचें तर वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह आहे. हीं नांवें दूरदेशचीं नाहींत, आपल्याच मोटारस्टँडावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवरचा हा मुलूख आहे. तरीही लग्नामुंजींत, बक्षिससमारंभांत आणि शाळांच्या ग्रंथखरेदींत आपण तींच चार ठराविक पुस्तकें पुनःपुन्हा देतों आणि वाचनसंस्कृति टिकविल्याचें समाधान मानतों.

हें लिहितांना आमचें बोट आमच्याकडेही वळलेलें आहे. 'तृष्णा' आमच्या कपाटांत कित्येक वर्षें होती. त्या मुलाला पहिलें पुस्तक देतांना हात तिच्याकडे न जातां वरच्या फळीवरच्या सोनेरी अक्षरांकडे गेला. कर्णाला कपाटांतून काढा असें आमचें म्हणणें नाहीं. तो राहूं द्या. पण पुढच्या वेळीं त्याच्यासाठीं डोळे भरून आले म्हणजे तीं पानें थोडीं मागें उलटून शोणाचें प्रकरण वाचा, आणि त्याच्या शेजारीं एक तरी असें पुस्तक उभें करा कीं ज्याचा नायक अखेरपर्यंत कोणाचाही राजपुत्र निघत नाहीं. घरांतल्या मुलांपुढें तें मोठ्यानें वाचा. अडलेला शब्द विचारावयास फार दूर जावें लागणार नाहीं, तो सांगणारीं माणसें आपल्याच अंगणांत काम करून जातात.

दुसऱ्या रविवारीं आम्हीं त्या मुलाला 'तृष्णा' दिली. त्याला आतां दोन महिने झाले. मुलगा दर रविवारीं येतो, इतर पुस्तकें नेतो, वेळच्या वेळीं परत आणतो. हें एक पुस्तक मात्र त्यानें अद्याप परत केलेलें नाहीं. होळीला गांवीं जातांना तें तो बरोबर घेऊन गेला असें त्याच्या सोबत्याकडून कळलें. आम्हीं तें मागितलेलें नाहीं.