चित्र कुणाचं, हात कुणाचा?

सोलापुरात शाळांच्या चित्रप्रदर्शनाला गेलो की मी आधी चित्राचा खालचा कोपरा बघतो. मुलाचं नाव, इयत्ता आणि पुढे मोठ्या कौतुकानं 'दिव्यांग'. वर मात्र सरळसोट डोंगर, एकसारख्या पाकळ्या, रंगाचा एक थेंब कडेबाहेर नाही. कुणाला फसवता हो? ज्या पोराचा हात ब्रश धरताच थरथरतो, त्याची ही रेघ नव्हे. ही बाईंची रेघ. आदल्या दिवशी 'जरा फिनिशिंग' केलेली.

आपल्याकडे चित्रकला म्हणजे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ए ग्रेड, आणि ए ग्रेड म्हणजे दहावीला सात वाढीव गुण. वस्तुचित्रातला तांब्या दोन्ही अंगांनी सारखाच हवा. ज्याचा वाकडा येतो, त्यानं बाकीच्यांना रंगाचं पाणी आणून द्यायचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली की कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मोजले. मोजदाद चोख झाली. वर्गातला ब्रश मात्र अजून सगळ्यांना एकाच जाडीचा.

लागतं काय? ब्रशच्या दांडीला जुन्या टॉवेलची चिंधी गुंडाळा, मूठ भरेल इतकी, वर रबरबँड. कागद चारी बाजूंनी बाकाला चिकटवा, नाहीतर हाताबरोबर तोही पळतो. कमी दिसणाऱ्या मुलीला चादरीच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत आणि डिंक द्या; वाळल्यावर रेघ बोटाला लागते. या गावात पाण्याची टंचाई सांगा, ऐकून घेईन. चिंध्यांची सांगू नका.

'दिसतच नाही तर चित्र कसलं?' असं एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं. साहेब, चादरीवरचा मोर जुन्या जॅकार्ड मागाला तरी कुठे दिसत होता? सुया पुठ्ठ्यावरची भोकं चाचपायच्या, त्यावर कुठला दोरा उचलायचा ते ठरायचं. आणि दृष्टी पार गेल्यावरही चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनात टाइल्सचं भित्तिचित्र केलं; 1972 साली सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. आमच्या शाळेत असते तर त्यांना दोन डोंगर, मधे सूर्य असा छापील कागद रंगवायला मिळाला असता. तोही बाईंनीच पुरा केला असता.

वाकडी रेघ वाकडीच टांगा. तेवढी छाती नसेल, तर कोपऱ्यात बाईंचंही नाव घाला आणि बक्षिसाचा कप त्यांच्याच घरी पोचवा.