छातीत कळ आली की उजाडायची वाट पाहू नका

तामलवाडी, सांगवी, माळुंब्रा, सावरगाव, सुरतगाव आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरच्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. रात्री-अपरात्री घरातल्या माणसाच्या छातीत दाबल्यासारखं दुखायला लागलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, अंगाला दरदरून घाम सुटला, तर सोडा पाजून, छातीला बाम चोळून ‘पित्त असेल, सकाळी बघू’ म्हणू नका. त्याच मिनिटाला 108 ला फोन लावा.

एवढ्या घाईनं सांगायचं कारण आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो. एखाद्या वेळी तो थर फाटतो, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात स्नायू मरायला लागतो आणि पुढचे काही तास मरतच राहतो. मेलेला स्नायू कुठल्याही औषधानं परत येत नाही. माणूस वाचला तरी पुढं दोन घागरी पाणी आणताना धाप लागते, ती त्यामुळंच.

ही गुठळी विरघळवता येते हे आता जुनं ज्ञान झालं. 1988 साली 17,187 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज हे इंजेक्शन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांच्या आत शंभरातले आठ जण दगावले. दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत तेरा. स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून तासभर चालवावं लागायचं. आता टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन वजनाप्रमाणे एकदाच शिरेत देतात आणि ते द्यायला काही सेकंद पुरतात. पण गुठळी जितकी ताजी तितकी ती लवकर विरघळते. पहिल्या दोन-तीन तासांत मिळणारा फायदा पुढं झपाट्यानं कमी होतो आणि बारा तासांनंतर हे इंजेक्शन सहसा देतच नाहीत. रात्री दोनला दुखायला लागलेला माणूस सकाळी नऊला दवाखान्यात पोचला, तर सात तास गेलेले असतात.

निदानही आता लांब राहिलेलं नाही. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटं पुरतात. छातीवर सहा आणि हातापायांवर चार जोडण्या लावतात, कागदाची पट्टी बाहेर येते. त्या पट्टीवरच्या रेघेचा ठरावीक भाग वर उचललेला दिसला की वाहिनी पूर्ण बंद झाल्याची दाट शंका घेतात. ही पट्टी वाचायला हृदयरोगतज्ज्ञ समोर बसलेला असायची गरज उरलेली नाही. ती मोबाइलवरून शहरातल्या तज्ज्ञाकडे जाते आणि काही मिनिटांत उत्तर येतं. ‘स्टेमी महाराष्ट्र’ हा शासनाचा प्रकल्प याच पद्धतीवर उभा आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पहिला ईसीजी चांगला आला म्हणून उठून घरी येऊ नका. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढायला सांगा आणि रक्तातली ट्रोपोनिन तपासणी करून घ्या. स्नायूला इजा झाली असेल तर ती त्यात दिसते, पण काही वेळा तीही काही तासांनी पुन्हा करावी लागते.

आता आपल्या गावाचं बोलू. जिल्हा आपला धाराशिव, तालुका तुळजापूर. पण अँजिओप्लास्टी करणारी कॅथ लॅब आपल्याला जवळची ती सोलापूरची, चौपदरी रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटरवर. जगभरचा संकेत असा की ईसीजीत झटका दिसल्यापासून दोन तासांच्या आत बंद वाहिनी अँजिओप्लास्टीनं, म्हणजे फुग्यानं, उघडता येत असेल तर थेट तिकडं न्यावं. तेवढ्यात जमणार नसेल तर जवळच्या दवाखान्यात आधी इंजेक्शन द्यावं आणि मग पुढं हलवावं. दुर्गम भागातल्या लोकांना हा दोन तासांचा हिशेब जमतच नाही. आपल्याला जमतो. हायवेवर राहून माणूस उशिरानं पोचत असेल, तर दोष अंतराचा नाही, आपल्या थांबण्याचा आहे.

रुग्णाला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नका, जिना चढवू नका, चालवत नेऊ नका. 108 ची गाडी फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यायची का, हे फोनवरच डॉक्टरांना विचारा. अल्सर, रक्तस्राव किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र मनानं देऊ नका. रक्तदाब आधीच खाली गेलेला असेल तर ती गोळी जिवावर बेतते. आणि ‘जोरजोरात खोकत राहा, अटॅक टळतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज खोटा आहे, तो पुढं पाठवू नका.

बायकांच्या बाबतीत तर फारच हेळसांड होते. त्यांना आणि मधुमेहाच्या रुग्णांना छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, एकाएकी गळून गेल्यासारखं वाटणं, एवढंच होतं. खुरपणीहून आलेली बाई ‘अंगात कसकसतंय’ म्हणून आडवी होते आणि घरातले स्वयंपाकाची वाट बघतात. आई, सासू, बायको असं म्हणाली तर तिचाही ईसीजी त्याच घाईनं काढा.

पैशाच्या काळजीनं थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पोचल्या पोचल्या त्याला गाठा. रेशन कार्ड आणि आधार आजच एका पिशवीत ठेवा. अँजिओप्लास्टीत वाहिनीत बसवतात त्या जाळीची, म्हणजे स्टेंटची, किंमतही सरकारनं फेब्रुवारी 2017 पासून बांधून दिलेली आहे, तेव्हा बिलात ती वेगळी दाखवायला सांगा.

स्टेंट बसला, छातीतलं दुखणं थांबलं की दोन-तीन महिन्यांत गोळ्या बंद करणारी माणसं गावोगाव आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सोडल्या तर स्टेंटमध्येच पुन्हा गुठळी धरू शकते. गोळ्या परवडत नसतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, स्वस्तातल्या जेनेरिक मिळतात. आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकानं उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. आपल्याकडं हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. तंबाखू मळणाऱ्या, गुटखा खाणाऱ्या पोरांनी तर वयाच्या भरवशावर राहूच नये.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेले लाखो भाविक याच रस्त्यानं रात्रभर चालतात. त्यांत पन्नाशी-साठीचे, बीपी-शुगर असलेले कितीतरी असतात. चहा-फराळाचे तंबू लावणाऱ्या मंडळांनो, टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्यांनो, ढाबेवाल्यांनो, तुमच्यातल्या निदान दोघा-दोघांनी छाती दाबून जीव वाचवायची रीत शिकून घ्या. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर एकानं 108 लावायचं आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबत राहायचं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर वेळी पाच सेंटिमीटर तरी खोल, गाडी येईपर्यंत न थांबता. चेहऱ्यावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात ती मिनिटं घालवू नका.

सरपंच, सदस्य आणि गावकरी मंडळी, एक काम तुमच्याकडं. येत्या ग्रामसभेत आरोग्य खात्याला दोन प्रश्न लेखी विचारा. आपल्या सर्वांत जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात रात्री ईसीजी निघतो? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथं शिल्लक असतं का? उत्तर प्रोसिडिंगला घ्या, आणि दवाखान्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर 108 च्या शेजारी ठळक लिहा.