मालकापेक्षा कारभार पाहा

एअर इंडियाची कहाणी आपल्याकडे तीन वाक्यांत उरकली जाते. टाटांनी उभी केली, सरकारने घेऊन बुडवली, टाटांनी परत घेतली. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाच्या ताब्यात गेली तेव्हा हेच सगळीकडे ऐकू येत होतं. यातलं मधलं वाक्य मला कधीच पटलं नाही, आणि आता ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

आधी सुरुवात पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पुस मॉथ जातीच्या एक इंजिनी विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून यायचे. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवायचा. इतकं असूनही पहिल्या वर्षाचा वक्तशीरपणा शंभर टक्के होता. सरकारच्या नागरी विमान खात्यानेच तशी नोंद करून ठेवली आहे.

१ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींचा त्याला ठाम विरोध होता, तरी नेहरूंच्या आग्रहावरून ते अध्यक्षपदी राहिले, तेही बिनपगारी. पुढची जवळपास पंचवीस वर्षं एअर इंडिया पूर्णपणे सरकारी होती आणि तिचा सर्वांत उजळ काळ नेमका हाच आहे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. १९६२ मध्ये सगळा ताफा जेट विमानांचा असलेली ती जगातली पहिली कंपनी ठरली. आणि अध्यक्ष काय करत होते? प्रवासाहून परतले की टिपणं लिहीत होते. खुर्ची किती मागे कलते, दिव्यांचा उजेड कसा पडतो, जिनिव्हाला विमानात चढवलेल्या चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, असं सगळं त्यात असायचं. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसायचे. मालक दिल्लीत होता, पण कारभार धंदा जाणणाऱ्या माणसाच्या हातात होता.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोका’ हे जम्बो विमान मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. महिनाभरातच मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. घसरण त्या एका दिवसात झाली नाही. मात्र त्यानंतर निर्णय हळूहळू मंत्रालयात सरकले, आणि वर बसलेल्या माणसाला काम समजेपर्यंत त्याची बदली व्हायची.

२००७ चं इंडियन एअरलाइन्स या दुसऱ्या सरकारी कंपनीशी झालेलं विलीनीकरण हा त्याचा कळस. एअर इंडियाकडे मुख्यतः बोइंग, इंडियन एअरलाइन्सकडे मुख्यतः एअरबस. पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, वैमानिकांच्या संघटना वेगळ्या. हे सगळं कागदावर एक केलं आणि प्रत्यक्षात तसंच ठेवलं. वर दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ नव्या विमानांच्या मागणीचा बोजा. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. विक्रीच्या वेळी कर्ज ६१,५६२ कोटींवर गेलं होतं.

दोष कर्मचाऱ्यांवर टाकणाऱ्यांनी १९९० आठवावं. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना याच सरकारी कंपनीने, इंडियन एअरलाइन्सच्या जोडीने, प्रामुख्याने अम्मानहून मायदेशी आणलं. जवळपास दोन महिने फेऱ्या चालू होत्या. काम स्पष्ट होतं आणि ते करायला मोकळीक होती.

म्हणूनच मालक बदलला की सगळं सुधारेल, हा भाबडेपणा मला घातक वाटतो. टाटांना कंपनी मिळाली तेव्हा कित्येक विमानं सुट्या भागांअभावी जमिनीवर उभी होती. ती पुन्हा उडती केली, ४७० नव्या विमानांची मागणी नोंदवली, २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी सामावून घेतली. हे काम मोठं आहे. पण १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनचं विमान कोसळलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्याचं कारण तपास यंत्रणेने सांगायचं, आपण अंदाज बांधू नयेत. त्याच महिन्यात, अपघाताशी संबंध नसलेल्या प्रकरणात, डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने वैमानिक आणि केबिन क्रूच्या ड्यूट्या लावताना झालेल्या गंभीर चुकांबद्दल कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांना त्या कामातून हटवण्याचा आदेश दिला. कोणाला किती तास उडवायचं, किती विश्रांती द्यायची, हे वेळापत्रक म्हणजे विमान कंपनीचा कणा. खासगी मालकाच्या घरातही तो आपोआप ताठ राहत नाही.

कोणत्या कंपनीची किती विमानं वेळेवर सुटली, याचे आकडे डीजीसीए दर महिन्याला जाहीर करतं. त्याच तक्त्यात कोणत्या कंपनीच्या तपासणीत काय त्रुटी सापडल्या आणि त्या कधी दूर झाल्या, हेही छापायला हवं. तिकीट काढणाऱ्याचा तो हक्क आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी.